मणिकारांची विद्या



आपल्यापैकी ज्यांचे बालपण देशावर गेले आहे त्यांना एक खेळ आठवत असेल. ओढ्यातून किंवा शेताच्या बांधावरून दोन पांढऱ्या गारगोट्या वेचून आणावयाच्या, रात्री गोधडीत शिरून त्या एकमेकींवर घासावयाच्या आणि अंधारात उमटणारा तांबूस उजेड पाहून हरखून जावयाचे. घासलेल्या जागी एक चमत्कारिक जळका वासही येत असे. खेळ संपला की सकाळी आई त्या गारगोट्या अंगणाबाहेर भिरकावून देई, आणि त्याबद्दल कोणाला वाईट वाटत नसे. गारगोटीला किंमत ती काय?

परंतु याच गारगोटीच्या कुळातील दगडापासून माणूस साडेचार हजार वर्षांहून अधिक काळ मणी घडवीत आला आहे. ते मणी त्याने बैलगाडीतून आणि गलबतांतून देशोदेशी धाडले, राजाराण्यांच्या प्रेतांबरोबर पुरले, लेकरांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधले. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत त्यात लढाया नाहीत आणि राज्यक्रांत्याही नाहीत. दगड निवडणे, तो तापविणे, त्याला घाट देणे, त्यात वेज पाडणे, त्यावर झिलई चढविणे आणि शेवटी तो सुतात किंवा तारेत गुंफणे एवढाच हा उद्योग आहे. जगात आज असंख्य सुखवस्तू माणसे हा उद्योग निव्वळ हौसेखातर घरच्या पडवीत करतात. त्याच वेळी गुजरातेत खंबायतच्या आसपास हाच उद्योग पोटासाठी करणाऱ्या कित्येक माणसांनी त्यापायी आपली छाती गमावली आहे. एकच विद्या एकाला आनंद देते आणि दुसऱ्याचा श्वास हिरावून घेते, हे कसे घडले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

प्रथम दगडाची जन्मकथा पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून लाव्हारसाचे लोटच्या लोट बाहेर आले. थरावर थर साचून जो काळा कातळ तयार झाला तो आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. आपले गड, आपली लेणी आणि आपल्या घरांची जोती याच कातळाची. रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले व कातळात पोकळ्या निर्माण झाल्या. पुढे लक्षावधी वर्षे या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूचे आणि गारेचे मूळ द्रव्य, पोकळीच्या भिंतीवर पापुद्र्यापापुद्र्याने बसत गेली. जेथे असे पापुद्रे पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात त्या दगडाला आपण अकीक म्हणतो. मधोमध जागा उरली असेल तर तेथे स्फटिकांचे टोकदार दाणे वाढलेले आढळतात. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड दिसणारा गोटा फोडला की आत असे वैभव निघते. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणींतून निघालेले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

हा दगड देखणा खरा, पण मोठा हट्टी. फ्रीडरिश मोस नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पायरी लावून दिली. तीत गारगोटीचा क्रमांक सातवा लागतो. चाकूचे पाते साडेपाचाच्या आसपास येते. म्हणून चाकूने गारगोटीवर ओरखडाही उठत नाही, उलट गारगोटीच चाकूला ओरखडते. तिच्यावर मात करणारे पदार्थ थोडेच. त्यांत नवव्या पायरीवर कुरुंद आणि दहाव्यावर हिरा. कुरुंद हे नाव आपल्याच देशातले आहे. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्द दक्षिण भारतातील भाषांतूनच तिकडे गेला. तेव्हा मणिकाराच्या विद्येचे सार एका वाक्यात सांगता येते: अधिक कठीण वस्तूची पूड घ्यावी आणि तिने कमी कठीण वस्तू झिजवीत बसावे. दगडाला लाकडासारखे तासता येत नाही आणि धातूसारखे ओतता येत नाही. त्याला झिजवावेच लागते. आता जो भाग झिजून जातो त्याचे काय होते, हा प्रश्न श्रोत्यांनी तूर्त मनाच्या एका कोपऱ्यात ठेवावा. शेवटी आपल्याला त्याच्याकडेच वळायचे आहे.

या विद्येचा मोठा बहर आपल्या उपखंडात सिंधू संस्कृतीच्या काळी आलेला दिसतो. सिंधमधील चन्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये उत्खनन केले, तेव्हा मणी घडविणाऱ्यांच्या कार्यशाळेचे अवशेष सापडले. गुजरातेतील लोथल येथे एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली १९५५ पासून झालेल्या उत्खननातही मण्यांचा कारखाना उघडकीस आला. नुसता तयार मणी सापडला तर तो कोठून आला हे निश्चित सांगता येत नाही. पण फोडलेले दगड, अर्धवट घाट दिलेले तुकडे, वेज पाडताना दुभंगलेले मणी आणि वेज पाडण्याची हत्यारे एके ठिकाणी मिळाली की, येथे कारागीर बसत होते असे खात्रीने म्हणता येते.

या कारागिरांची खरी कसोटी लागे ती तांबड्या अकीकाच्या लांब मण्यात. मध्ये किंचित फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता असा हा मणी कधीकधी दहा सेंटिमीटरांहून लांब असे, आणि त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुईसारखे सरळ वेज पाडावे लागे. त्या काळी हिऱ्याचा सामता नव्हता. एका खास जातीच्या कठीण दगडाच्या बारीक कांड्या करून, त्या कमानीने फिरवून हे काम होत असे. जोनाथन मार्क केनॉयर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने हे काम प्रयोगाने करून पाहिले. तासाभरात वेज सरते अवघे अडीच मिलिमीटर! म्हणजे सहा सेंटिमीटरांच्या एका मण्याला केवळ वेज पाडण्यासाठी चोवीस तास. रोज आठ तास कमान ओढली तरी तीन दिवस झाले. आणि तिसऱ्या दिवशी मणी दुभंगला तर सारेच मुसळ केरात. असे मणी मेसोपोटेमियातील ऊर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत सापडले आहेत. लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात ऊर खणून काढले. तेथील थडगी इसवी सनापूर्वी अडीच हजार वर्षांच्या सुमाराची आहेत. त्याच थडग्यांत केसांना घालावयाचे सोन्याच्या तारेचे वेढेही मिळाले. दगड आणि तार यांची सोबत इतकी जुनी आहे.

सिंधूच्या कारागिरांची आणखी एक करामत सांगण्यासारखी आहे. तांबड्या मण्यावर ते पांढऱ्या रेषांची नक्षी काढीत. ती रंगविलेली नाही व कोरलेलीही नाही. धुण्याचा सोडा आणि वनस्पतीचा चीक यांच्या मिश्रणाने मण्यावर रेषा काढून तो तापविला की, क्षार दगडात शिरून ती रेष कायमची पांढरी होते. १९३० नंतरच्या काळात सिंधमधील सेहवान येथे एका वृद्ध कारागिराने ही रीत मॅके यांना प्रत्यक्ष करून दाखविली. आपल्याकडील विद्वान मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी भारतात सापडलेल्या अशा नक्षीच्या मण्यांचा कसून अभ्यास केला आणि तो ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४९ साली प्रसिद्ध केला. मण्यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूवरून दोन दूरच्या संस्कृतींचे नाते कसे ताडता येते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी हा ग्रंथ अवश्य चाळावा.

आता आपण आपल्या घरी येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तेर ही दोन मोठी व्यापारी शहरे असल्याचे तो सांगतो. तेरहून निरनिराळ्या जातींचे कापड जाते आणि पैठणहून पट्ट्यापट्ट्यांचा अकीक फार मोठ्या प्रमाणावर, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून, गाड्यांनी भडोचला येतो असे त्याने नमूद केले आहे. श्रोतेहो, क्षणभर डोळ्यांपुढे हे चित्र आणा. सातवाहनांची राजधानी पैठण. गोदावरीच्या खोऱ्यातील कातळातून आणि नदीच्या वाळूतून वेचलेले गोटे. ते भरलेल्या गाड्यांची रांग घाट उतरून तापी आणि नर्मदा ओलांडीत समुद्राकडे चालली आहे, आणि पलीकडे रोममधील श्रीमंत तो दगड अंगठीत आणि पेल्यात बसविण्यासाठी वाट पाहत आहेत. आपल्या आईने अंगणाबाहेर टाकलेली गारगोटी आणि रोमच्या सरदाराच्या बोटातील अंगठी यांच्यामध्ये अंतर होते ते केवळ मणिकाराच्या श्रमांचे.

या मणिकारांची नावे इतिहासाने जपली नाहीत असे म्हणतात, ते सर्वस्वी खरे नाही. कान्हेरीच्या लेण्यांत सोपाऱ्याच्या एका मणिकाराने दिलेल्या दानाचा लेख आहे. भिक्षुसंघाला दान देण्याइतकी या धंद्याला तेव्हा बरकत होती आणि आपला धंदा दगडावर अभिमानाने कोरून ठेवावा इतकी प्रतिष्ठाही होती. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले संग्रहालय आजही त्या गावी आहे. तेथील मणी पाहिले म्हणजे त्या काळच्या हातांची सफाई ध्यानात येते. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या आरंभी पूर्वसूरींच्या वाणीला दिलेली उपमा तर प्रसिद्धच आहे. हिऱ्याने वेज पाडलेल्या रत्नातून सूत सहज जावे, तशी आपली या वंशात गती आहे असे तो म्हणतो. हा त्याचा विनय झाला. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यातून दुसरीच गोष्ट कळते: हिऱ्याच्या टोकाचा सामता तोपर्यंत इतका परिचित झाला होता की कवीने त्याची उपमा द्यावी आणि श्रोत्यांना ती चटकन उमगावी.

हौसेचा उल्लेखही येथेच केला पाहिजे. दगड घासण्याची आवड हे पाश्चात्त्यांचे अलीकडचे खूळ आहे अशी समजूत आढळते. वात्स्यायनाने नागरकाने शिकावयाच्या ज्या चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत रत्नांची पारख आहेच. शिवाय मण्यांना रंग आणण्याचे आणि त्यांच्या खाणींचे ज्ञान ही एक स्वतंत्र कला गणली आहे. ज्याला पोटासाठी हे काम करावे लागत नाही अशा शहरी रसिकानेही ते जाणावे, अशी अपेक्षा तेव्हा होती.

पुढे भडोचचे वैभव ओसरले आणि मध्ययुगात खंबायतचे बंदर पुढे आले. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने लिमोदरा येथील तांबड्या अकीकाचे आणि खंबायतेतून होणाऱ्या त्याच्या व्यापाराचे वर्णन केले आहे. दगड येई तो राजपिपळ्याच्या बाजूने, रतनपूरच्या टेकड्यांतून. तेथे बाबा घोर यांचा दर्गा आहे. हे हबशी संत अकीकाच्या धंद्याचे आश्रयदाते मानले जातात, आणि त्यांच्या भोवतीचा सिद्दी समाज आजही त्यांना भजतो. रतनपूरच्या खाणींतील गोटे मूळचे दख्खनच्या काळ्या कातळातलेच आहेत. कातळ झिजला, आतला अकीक सुटा झाला आणि नद्यांनी तो वाहून नेऊन गोट्यांच्या थरांत साठविला. म्हणजे पैठणच्या गाड्या थांबल्या तरी पुढची कित्येक शतके अरबस्तान आणि आफ्रिका दख्खनचाच दगड गळ्यात घालीत होती.

खंबायतच्या कारागिरांची रीत एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्ये तपशिलाने नोंदलेली आहे आणि तिचा बराच भाग अगदी अलीकडेपर्यंत टिकला. तीत साडेचार हजार वर्षांचा अनुभव साठलेला असल्यामुळे ती थोडी निगुतीने पाहू.

खाणीतून आलेला दगड प्रथम महिनोन्महिने उन्हात पडू देत. त्यातील ओल जावी हा हेतू. कारण ओला दगड आचेवर ठेवला तर तडकतो. मग मातीच्या मडक्यांत घालून शेणाच्या मंद विस्तवावर तो भाजीत. भाजल्याने दोन गोष्टी साधतात. दगडातील लोहाचे पिवळे रूप पालटून तांबडे होते, आणि दगड फुटावयास सोपा जातो. पिवळट मातकट गोटा मडक्यात घालावा आणि सकाळी डाळिंबी रंगाचा बाहेर काढावा, यात अडाण्यांना जादू वाटली असेल. कारागिराला ते रसायन हातांनी ठाऊक होते.

यानंतर घडाई. जमिनीत तिरपी रोवलेली एक टोकदार लोखंडी पहार असे. दगड तिच्या टोकावर टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हलक्या हातोड्याने टिचकी मारल्यासारखा ठोका द्यावयाचा. ठोका वरून बसतो आणि कपची मात्र खालच्या टोकाशी उडते. हातोडा लोखंडी का नसावा? लोखंडाच्या कठोर घावाने दगड वाटेल तसा फुटतो. शिंग किंचित लवते आणि घाव आवरते. अशा शेकडो ठोक्यांनी मण्याचा घाट उतरे. मग तो घासून सारखा करीत. त्यानंतर हिऱ्याची कणी टोकाला बसविलेल्या सामत्याने, थेंबथेंब पाणी सोडीत, अर्धे वेज एका बाजूने व अर्धे दुसऱ्या बाजूने पाडीत. दोन्ही वेजे बरोबर मध्यावर भेटली पाहिजेत. ती भेटली नाहीत तर मणी वाया.

शेवटी झिलई. सुमारे दोन फूट लांबीच्या कातड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि अकीकाचीच भुकटी भरीत आणि तोंड बांधून टाकीत. मग पिशवीला दोर गुंडाळून दोन माणसे समोरासमोर बसत, आणि एकदा याने ओढावे, एकदा त्याने, अशी ती पिशवी दहा ते पंधरा दिवस मागेपुढे लोळवीत. मधूनमधून तिच्यावर पाणी शिंपडीत. आत मणी एकमेकांवर आणि पुडीवर घासून आरशासारखे चकाकू लागत. दहा-पंधरा दिवस! घाईला येथे थारा नव्हता.

या धंद्याला प्रतिस्पर्धी मिळाला तो जर्मनीत. नाहे नदीच्या खोऱ्यातील ईदार आणि ओबरष्टाइन या जोडगावांत अकीकाची जुनी खाण होती व ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या गिरण्यांत वालुकाश्माची प्रचंड चाके बसविलेली होती. कारागीर बुटक्या घोडीवर पालथा पडून, पाय मागच्या फळीला रेटून, सगळ्या अंगाचा भार टाकून दगड चाकावर दाबीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील दगड संपत आला आणि लोक देशोधडीला लागले. त्यांतील काही ब्राझिलला गेले. तेथे १८२७ साली त्यांना अकीकाचे भांडारच सापडले. हा दगड जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरण्याच्या नीरमाच्या रूपाने जर्मनीस येऊ लागला आणि मेलेला धंदा पुन्हा उभा राहिला. खंबायती घाटाचे मणी तिकडे तयार होऊन आफ्रिकेच्या बाजारात खंबायतशीच चढाओढ करू लागले.

आता हौशी मंडळींकडे येऊ. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन याने विजेच्या भट्टीत कारबोरंडम तयार केले. ही कृत्रिम पूड कुरुंदाहूनही थोडी कठीण आणि स्वस्त. पिढीजात कारागिरांच्या हातांतील गुपित आता डब्यात भरून दुकानात मिळू लागले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील शिक्षक, कारकून, निवृत्त इंजिनियर सुटीच्या दिवशी डोंगर पालथे घालून दगड वेचू लागले आणि घरी आणून घासू लागले. १९४७ साली या छंदाला वाहिलेले ‘लॅपिडरी जर्नल’ हे नियतकालिक निघाले. हळूहळू हा छंद जगभर पसरला.

या छंदाची रीत अशी. हिऱ्याची पूड बसविलेल्या पातळ चकतीने गोट्याची फोड कापतात. तिच्यावर हवा तो आकार आखून, ती लाखेने एका काडीच्या टोकाला चिकटवून, फिरत्या चाकावर धरतात. प्रथम जाड पुडीचे चाक, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी नमद्यावर किंवा कातड्यावर झिलई. वरून घुमटासारखा फुगीर व खालून सपाट असा नग तयार होतो. ज्यांना एवढी खटपट नको ते रबराच्या लहान पिंपात दगड, पूड आणि पाणी घालून ते विजेवर फिरवीत ठेवतात. पुडीचे चार टप्पे, साधारण महिनाभराचा काळ. श्रोत्यांच्या लक्षात आलेच असेल की हे पिंप म्हणजे खंबायतची कातड्याची पिशवीच होय. दोर ओढणारी दोन माणसे गेली आणि मोटार आली, एवढाच फरक.

तयार नगाला वेज पाडावयाचे नसेल तर त्याला तारेत बांधतात. चांदीची किंवा तांब्याची तार नगाच्या कडेने फिरवून, पीळ देऊन, वरती कडी काढून तो गळ्यात अडकविण्याजोगा करतात. डाक नको, भट्टी नको. एक चिमटा आणि दोन बोटे पुरतात. हे ऐकून आपल्या भगिनींना हसू येईल. नथीचे मोती सोन्याच्या तारेत गुंफून, तारेला वळण देऊन आकडा काढण्याचे काम आपले सोनार पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत. आपल्याला ही कला परकी नाही.

आता त्या बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे वळण्याची वेळ आली आहे. दगड झिजतो, तेव्हा झिजलेला भाग जातो कोठे?

त्याची धूळ होते. तिच्यातील जे कण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक असतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाच्या केसांत अडकत नाहीत, खोकल्याने बाहेर पडत नाहीत. ते फुप्फुसांच्या तळाशी जाऊन बसतात. तेथे त्यांच्याभोवती वण धरतात, वण वाढत जातात, आणि स्पंजासारखे असलेले फुप्फुस निबर होते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. एकदा जडला की तो बरा करणारे औषध नाही, आणि त्याच्या पाठोपाठ क्षयही लवकर शिरतो. हे दुखणे आजचे नव्हे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाथरवटांच्या फुप्फुसांत वाळू सापडल्याची नोंद आहे.

खंबायतच्या जुन्या रीतीत धूळ नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. टिचक्या मारताना ती उडतच असणार आणि कित्येक जुने कारागीर तिला बळीही पडले असतील. परंतु तेव्हा काम हाताच्या वेगाने चाले आणि वेज पाडताना व झिलई करताना पाणी सोबतीला असे. विसाव्या शतकात विजेवर फिरणारे घासणीचे चाक आले आणि सगळे गणित पालटले. हाताने दिवसभरात जेवढी धूळ उडे तेवढी आता घटकाभरात उडू लागली. मजुरी नगावर, म्हणून जितके भरभर घासाल तितके पैसे. कोरड्या चाकावर काम लवकर उरकते, म्हणून चाक कोरडे. खंबायतजवळच्या शकरपूरसारख्या गावात घराच्या ओसरीवरच चाक फिरू लागले. चाकावर घरधनी, शेजारी बायको, भोवती खेळणारी मुले, आणि साऱ्यांच्या अंगावर पिठासारखी पांढरी भुकटी. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेतील डॉक्टरांनी १९८० नंतरच्या काळात या कामगारांची तपासणी केली. चाकावर बसणाऱ्यांत सिलिकोसिस आढळलाच; पण ज्यांनी दगडाला कधी हात लावला नव्हता अशा आसपास राहणाऱ्यांतही तो आढळला. १९४८ च्या कारखाने कायद्याची व्याप्ती यंत्रावर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले म्हणजे सुरू होत असे. ओसरीवरच्या चाकाला तो कायदा लागणार कसा? मालक कोण हेच जेथे सिद्ध करता येत नाही, तेथे भरपाई मागावी कोणाकडे?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण दगडाच्या संदर्भात वापरतो. ज्याच्या हातात टाकी असते त्याने काय सोसले, याचा विचार म्हण रचणाऱ्याने केला नसावा.

आता हौशी माणसाच्या चाकाकडे पुन्हा एकदा पाहा. त्याच्या चाकावर वरून पाण्याची धार सोडलेली असते. कापणीची चकतीही पाण्यात किंवा तेलात भिजत फिरते. या छंदाची पुस्तके कोरडा दगड चाकावर धरू नका असे बजावून सांगतात. त्याचा दगड तोच, चाक तेच, सिलिका तीच; धूळ मात्र उडण्याआधीच चिखल होऊन खालच्या तसराळ्यात बसते. त्याला घाई नसते. एक नग आज झाला काय आणि पुढच्या रविवारी झाला काय, त्याचे पोट अडत नाही. म्हणून तो पाण्याला वेळ देऊ शकतो. खंबायतचा कामगार तसा वेळ देऊ शकत नाही, कारण त्याचा वेळ आपण फार स्वस्तात विकत घेतला आहे. जत्रेत किंवा प्रदर्शनात अकीकाची माळ हातात घेऊन आपण दुकानदाराशी घासाघीस करतो, तेव्हा पाण्यासाठी जो वेळ लागला असता नेमका तोच आपण त्या किमतीतून कापून घेत असतो.

येथे एक आक्षेप येण्याचा संभव आहे. चाके बंद करा, धंदाच बुडवा, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. जी विद्या चन्हुदडोपासून आजवर अखंड हस्तांतरित होत आली, जिच्या अभ्यासासाठी दूरदेशीचे पुरातत्त्वज्ञ खंबायतच्या ओसऱ्यांवर येऊन बसले, ती बुडविणे म्हणजे रोगाबरोबर रोगीही पुरणे होय. उपाय ठाऊक आहे. चाकावर पाणी हवे आणि धूळ शोषून घेणारे यंत्र हवे. तसे यंत्र त्या अहमदाबादच्या संस्थेने तयारही केले होते. उणीव आहे ती हा खर्च कोणी सोसावयाचा या निर्णयाची. तो कारागिराने एकट्याने सोसावा, असे आजवर चालत आले आहे.

श्रोत्यांपैकी कोणाला या छंदाची गोडी लागली तर आम्हांस आनंदच होईल. गारगोट्या आपल्या वेशीबाहेर पडलेल्या आहेत. चाक आणि पूड बाजारात मिळते. मात्र चाकावर पाणी सोडल्याशिवाय दगड धरू नका, आणि मुलांना कोरड्या चाकाजवळ फिरकू देऊ नका. पहिला नग तयार होईल तेव्हा आणखी एक अनुभव येईल. एक वाटोळा मणी घासावयास किती वेळ लागतो हे स्वतःच्या बोटांना कळेल, आणि मग दुकानातील माळेची किंमत ऐकून आपण घासाघीस करण्याऐवजी विचाराल की, हे मणी कोठे घासले आणि त्या चाकावर पाणी होते काय? दुकानदाराला पहिल्यांदा उत्तर देता येणार नाही. दहा जणांनी विचारले म्हणजे तो चौकशी करील, आणि शंभरांनी विचारले म्हणजे त्याला माल घेताना अट घालावी लागेल.